खिडकीतलं इंटरनेट

धुकं पडायला लागलं की माझा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत मुक्कामाला जातो. खिडकीच्या गजांना पोळपाट उभा टेकवायचा, पोळपाटाला फोन टेकवायचा, चार्जर मिक्सरच्या प्लगमध्ये खुपसायचा आणि हॉटस्पॉट सुरू करायचा. मग मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या गावागावांत बसलेल्या दहावीच्या मुलांना गणित शिकवते. चंदीगडच्या कडेच्या या कॅन्टोन्मेंटमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी समोरची निलगिरी दिसत नाही, फाटक दिसत नाही, फाटकावरची आमची पाटीही दिसत नाही. टॉवर तर मी उन्हाळ्यातही कधी पाहिलेला नाही. पण तो स्वयंपाकघराच्या बाजूला कुठेतरी आहे एवढं फोनला ठाऊक आहे, आणि मला तेवढं पुरतं.

धुक्याने रेंज जाते का? विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं तर ते हसतील. मी गणिताची, पुराव्याशिवाय बोलू नये हे मलाही कळतं. तरी सकाळी काचेवर पाणी जमलं की मी आधी फोनकडे बघते आणि मग चहाचं आधण ठेवते. सवयीला पुरावा लागत नाही.

आमच्या घरी ब्रॉडबँड नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आता ते माझ्या नावापुढच्या पदवीसारखं झालं आहे. मुंबईची नणंद म्हणते, "अजून हॉटस्पॉटवर? माधवी, कमाल आहे तुझी!" माझी मुलगी ईरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच सुचतं, ती कार्टून अडकलं की ओरडते, "मम्मा, सबके घर में वाईफाई है, यार!" आणि साताऱ्याहून सासूबाई न चुकता काळजी करतात. गंमत अशी, की माझ्या या फोनवर कुणाचा कॉल घेतला की नेट बसतं. बोलणं संपलं की ते पुन्हा उठतं. सासूबाई ऐन तासाला फोन करायच्या आणि विचारायच्या, "काय गं, तुझं ते नेट नीट चाललंय ना?" मी म्हणायचे, "आत्तापर्यंत चाललं होतं, आई."

ब्रॉडबँड का नाही, याचं उत्तर आमच्या भिंतींत आहे. फौजेतल्या घरांत माणसं भिंतीला काही लावत नाहीत. खिळा ठोकायचा म्हटला तरी हात मागे येतो, कारण घर सोडताना तो उपटायचा, भोक बुजवायचं आणि वर चुना लावायचा असतो. आमच्या फोटोंच्या चौकटी वर्षानुवर्षं काळ्या ट्रंकांवर उभ्या आहेत. पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव लिहिलेल्या त्या ट्रंका हेच आमचं कपाट, दिवाण आणि शोकेस. एक खोकं तर मी लग्नापासून उघडलेलंच नाही, त्यात काय आहे हे आता कुणालाच आठवत नाही, तरी दर बदलीला ते आमच्यासोबत येतं. अशा घरात भिंतीतून तार ओढून घ्यायची म्हणजे आधी परवानगी, मग माणसाची वाट, मग भोक. झाशीला असताना मी ही सगळी तपश्चर्या केली होती. तार टाकायला माणूस आला, तेव्हा दारात सामान न्यायला ट्रक उभा होता. त्याने ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, लगाना है?" मी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि ठरवलं, की यापुढे माझं इंटरनेट भिंतीत राहणार नाही. ते माझ्या पर्समध्ये राहील.

पण खरं सांगायचं तर हा तारेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न नोकरीचा होता. लग्न झाल्यापासून मी ज्या ज्या गावी गेले, तिथल्या शाळेत शिकवलं. जम बसला, मुलं ओळखीची झाली, दहावीचा वर्ग हातात आला की माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या बदलीचा हुकूम यायचा. मग राजीनामा, मग निरोप समारंभ आणि मग एक भिंतीवरचं घड्याळ. शाळांना निरोपाला घड्याळच द्यावंसं का वाटतं कोण जाणे! आमच्याकडे भिंती नाहीत आणि घड्याळांची एक ट्रंक आहे. एकदा एका मोठ्या साहेबांच्या पत्नी मला कौतुकाने म्हणाल्या होत्या, "अच्छा है, टाइम पास हो जाता है आपका." मी हसले, कारण तिथे हसायचंच असतं. घरी येऊन मात्र मी इतकी भांडी घासली, की घासलेली पुन्हा घासली. माझं काम टाइमपास नाही. मला राग आला होता आणि तो अजूनही गेलेला नाही.

म्हणून पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीने मला घेतलं, तेव्हा मला पहिल्यांदा अशी नोकरी मिळाली जी ट्रकमध्ये चढू शकत होती. मी कुठेही गेले तरी ती माझ्यासोबत येणार होती. ही नोकरी जाऊ द्यायची नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं. बाकी सगळ्याला माझी तयारी होती.

आज खिडकीत धुकं बघताना मला तो हिवाळा आठवतो. सुहास पुढे सीमेवर गेला होता आणि मी नि ईरा या घरात मागे राहिलो होतो. अंगणात ऊन यायला दुपार व्हायची. मग शेजारपाजारच्या सगळ्या जणी खुर्च्या घेऊन उन्हाच्या मागे मागे सरकायच्या. संत्र्यासारखे किन्नू सोलायचे, शेंगदाण्याची टरफलं गवतात टाकायची आणि उन्हाने पाठ शेकायची. तिथे बसून मी वह्या तपासायचे, म्हणजे फोनवर आलेले वह्यांचे फोटो मोठे करून बघायचे. कुणाच्या फोटोत पानावर अंगठा, कुणाच्या फोटोत मांजर. शेजारची हरप्रीत डोकावून म्हणायची, "ओये, ए बिल्ली वी दसवीं विच है?"

माझ्या वर्गातली मुलंही फोनवरच शिकत होती, हे सांगायला हवं. कुणाकडे काकाचा फोन, कुणाकडे आईचा. तुटलेल्या काचेचे, उसने घेतलेले, दुपारीच डेटा संपणारे फोन. साक्षी नावाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. तिला घरात रेंज मिळायची नाही, गिरणीत मिळायची, म्हणून ती सकाळी पोत्यांच्या कडेला बसून तास करायची. गिरणी सुरू व्हायच्या आत तास संपला तर बरं, नाहीतर तिचा माइक बंद ठेवावा लागायचा. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, की आमच्या वर्गात दर थोड्या वेळाने कुणीतरी नाहीसं होतं. कधी कुणी मूल, कधी मीच. आणि कुणी नाहीसं झालं की बाकीचे गप्प बसून वाट बघतात. वाट बघण्यातच तास जायचा.

मग आम्ही एक रीत पाडली. आधी मी आख्खं उदाहरण सांगून टाकायचं, सगळ्यांनी ते उतरवून घ्यायचं. सोडवताना माझा आवाज तुटला तर "मॅडम, ऐकू येत नाही" असं कुणी म्हणायचं नाही. पुढची ओळ मांडायची. ज्याला ती आधी सुचेल त्याने मोठ्याने वाचायची, चुकली तर दुसऱ्याने टोकायचं. मी परत येईन तेव्हा जिथे असाल तिथून मी धरेन. सुरुवातीला मुलं लाजली. मग त्यांना चटक लागली. कधी कधी मला वाटायचं, मी जावं याचीच ती वाट बघतात.

अशात पुण्याहून नियम आला. शिक्षकांच्या घरी तारेचं ब्रॉडबँड असलंच पाहिजे, पुरावा म्हणून चालू राउटरचा फोटो पाठवावा. आमच्या गटाची व्यवस्थापक केतकी, आवाजावरून माझ्यापेक्षा बरीच लहान, फोनवर फार गोड बोलली. "मॅडम, तुम्ही छानच शिकवता. पण मोबाइल डेटावर प्रोफेशनल क्लास होत नाही ना. तार घ्या, नाहीतर पुढच्या टर्मला मला तुमचा वर्ग दुसऱ्यांना द्यावा लागेल."

मी विचारलं, "मुलांच्या घरी तार आहे का?"

"मुलांचं वेगळं, मॅडम."



हरप्रीतला हे उन्हात बसल्या बसल्या सांगितलं, तर तिने किन्नूची फोड तोंडात टाकली आणि प्रश्न निकालात काढला. "लो, इतनी सी गल्ल! मेरे राउटर दी फोटो खिच लै. हरी बत्ती जल रही है, और क्या चाहिदा? कौन देखने आ रहा है?" तिचं मन मोठं आहे, ती खरंच उठून आत निघाली होती. मी म्हणाले, नको. तिने विचारलं, का? दुसऱ्याच्या भिंतीवरचा हिरवा दिवा दाखवून मी नोकरी टिकवली असती, तर ती नोकरीही पुन्हा कुणाच्या तरी घरावर टांगलेली राहिली असती. आयुष्यभर मी 'अमक्यांच्या मिसेस' म्हणून ओळख दिली आहे. एवढी एक जागा मला माझ्या नावावर हवी होती.

केतकीला मी माझ्या खिडकीचा फोटो पाठवला. धुकं भरलेली खिडकी, गजांना टेकलेला पोळपाट, पोळपाटाला टेकलेला फोन. खाली लिहिलं, "हे माझं नेटवर्क. येऊन तास बघा, मग ठरवा." आता वाटतं, पोळपाटावरचं पीठ तेवढं पुसायला हवं होतं.

त्याच दिवसांत काही कामाने मी चंदीगडच्या सेक्टर चौतीसला गेले होते. तो सगळा भाग शिकवण्यांचा. धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं आणि वर्गांच्या इमारतींबाहेर मुलं-मुली पायऱ्यांवर, कठड्यांवर, बंद दुकानांच्या फळ्यांवर बसली होती. टोपीच्या आत इअरफोन, हातमोज्याचं एक बोट कापलेलं, कारण स्क्रीनला उघडं बोट लागतं. वरच्या मजल्यावर तारा होत्या, राउटर होते, बोर्डावर यशस्वी विद्यार्थ्यांचे हसरे चेहरे होते. खाली पायरीवर एक मुलगी खरड गावाच्या बसची वाट बघत फोनवर रसायनशास्त्र ऐकत होती. फोन अडकला की ती डोळे मिटून तोंडातल्या तोंडात ते वाक्य पुरं करायची. मी तिच्याकडे बघत थांबले आणि माझा संताप एकदम स्वच्छ झाला. हे अभ्यास करणं कमी प्रतीचं कुणी ठरवलं? घरात तार आहे तोच विद्यार्थी, घरात तार आहे तोच शिक्षक, हा कुठला न्याय? या आखीव शहरात झाडंसुद्धा परवानगी घेऊन उभी असल्यासारखी वाटतात, पण अभ्यास मात्र फुटपाथवर बसून होत होता आणि झकास होत होता. घरी येताना मी तिळगुळाची गजक घेतली आणि गाडीतच अर्धी खाऊन टाकली.

केतकी ज्या सकाळी तासाला येऊन बसली, त्या सकाळी धुक्याने हद्द केली होती. दूधवाल्याची सायकल दारात येईपर्यंत नुसती घंटी ऐकू येत होती. मी नावेचं उदाहरण घेतलं होतं. नाव प्रवाहाच्या दिशेने इतकं अंतर जाते, प्रवाहाच्या विरुद्ध इतकं, तर नावेचा वेग काढा. आख्खं उदाहरण सांगून झालं, मुलांनी उतरवून घेतलं. पहिलं समीकरण मांडलं. आवाज स्वच्छ होता, चित्र हलत होतं.

आणि स्वयंपाकघरातून ईरा ओरडली, "मम्मा! पापा का फोन!"

सुहासचे फोन कधी येतील याचा नेम नसायचा. तिथे त्याची पाळी लागली की तो फोन करायचा, आणि इथून उलटा फोन लावायची सोय नव्हती. आधीचे कित्येक दिवस त्याचा आवाज नव्हता. फोन उचलला की नेट बसणार, हे मला माहीत होतं. ज्या केतकीला मी मोबाइल डेटावर सगळं चालतं हे दाखवायला बसवलं होतं, तिच्यासमोरच मी अदृश्य होणार होते. त्या क्षणी मला केतकीचं म्हणणं अगदी बरोबर वाटलं. भिंतीत तार असती, तर दोन्ही झालं असतं.

मी मुलांना म्हणाले, "पुढची ओळ मांडा," आणि उठले. फोन कानाला लावला.

"ठीक आहेस?" त्याने विचारलं.

"ठीक. तू?"

"बर्फ आहे. बाकी ठीक. तासाची वेळ ना ही? ठेव, ठेव."

"ठेवत नाही," मी म्हणाले. "मुलं करतायत. तू बोल."

तो बोलला. काही विशेष नाही. मोजे ओले होतात, जेवण बरं आहे, ईराला सांग. मग ईराने फोन हिसकावून त्याला शाळेतली तिची आख्खी भांडणं ऐकवली आणि मी मध्ये पडले नाही. पोळपाटाला हात टेकून, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत मी उभी राहिले. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मला वाटलं नाही. मला ती हवीच होती. पण हा आवाजही हवा होता, आणि दोन्ही याच एका फोनमधून येत होते. मी कुणाची माफी मागायची?

पाळी संपली, फोन बंद झाला. तो पुन्हा पोळपाटाला टेकवून मी टेबलाशी धावले. आधी चित्र आलं नाही. आवाज आला, आणि तो नुसता घरघराट होता. साक्षीची गिरणी सुरू झाली होती. त्या घरघराटाच्या वर बेंबीच्या देठापासून ओरडणारी साक्षी, "अरे उलट जाताना एक्स वजा वाय! अधिक नाही! प्रवाह मागं ढकलतोय की नावेला! वजाऽ वाय!" कुणीतरी म्हणत होतं, "बरोबर, बरोबर, मी खोडलं." दुसरं कुणी उत्तर ताडून बघत होतं. मी परत आलेय हे कुणाच्या गावीही नव्हतं. मीही खुर्ची ओढून ऐकत बसले. मुलांनी उत्तर काढलं, पडताळा घेतला, आणि मग साक्षीला मी दिसले. "मॅडम, झालं," ती ओरडली आणि तिने पटकन माइक बंद केला.

तास संपल्यावर केतकी थांबली. "मॅडम, मधला बराच वेळ तुम्ही नव्हतात."

"नव्हते. नवऱ्याचा फोन होता. घेतला. पुन्हा आला तर पुन्हा घेईन."

ती म्हणाली, "मी होते तिथे. मला वाटलं होतं वर्ग बंद पडेल. तुम्ही गेलात तेव्हा घाबरले ती मीच. मुलं नाही घाबरली." मग तिचा आवाज पुन्हा व्यवस्थापकाचा झाला. "तुमच्यापुरता अपवाद करून घेते मी."

"अपवाद नको," मी म्हणाले. "नियम बदला."

नियम बदलला नाही, अजूनही तो कुठेतरी तसाच लिहिलेला असणार. पण राउटरचा फोटो त्यानंतर कुणीही, कुणाकडेही मागितला नाही. दुसऱ्या गावांतल्या शिक्षकांना मी माझ्या पोळपाटाचा फोटो पाठवला होता, त्याचा थोडाफार परिणाम झाला असावा. बऱ्याच जणींनी आपापल्या खिडक्यांचे फोटो पाठवले. कुणाचा फोन देवघराच्या कोनाड्यात, कुणाचा तांदळाच्या डब्यावर. आम्ही एवढ्या जणी आहोत हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि हो, त्यानंतर मी सुहासच्या फोनसाठी एक जुना हँडसेट वेगळा ठेवला. हट्ट आहे माझा, वेड नाही.

आता पुन्हा तेच धुकं आहे. सुहास सीमेवरून परत आला आहे आणि मागोमाग जोधपूरचा हुकूमही आला आहे. ट्रंका भरून झाल्या, न उघडलेलं खोकं सगळ्यांत आधी ट्रकमध्ये चढलं. अधिकाऱ्यांच्या मेसमधल्या निरोपाच्या चहाला त्या 'टाइम पास'वाल्या बाईंसारख्याच एक मोठ्या मॅडम प्रेमाने म्हणाल्या, "आपका वो ऑनलाइन वाला तो अब छूट जाएगा ना? बीच में ही?" यावेळी मी हसले नाही. "जी नहीं," मी म्हणाले. "ते नाही सुटणार." त्यांना शेवटचं मराठी कळलं नसेल, पण आवाज कळला.

आज सकाळी घर रिकामं होतं. घर ताब्यात घ्यायला माणूस आला होता, पंखे, दिवे, नळ बघत खोल्यांतून फिरत होता. प्रत्येक भिंतीवर हात फिरवून त्याने भोकं शोधली. त्याला एकही सापडलं नाही. "इंटरनेट का कनेक्शन कटवा दिया?" त्याने विचारलं.

"लगाया ही नहीं था."

"फिर मॅडम, इतने साल..." तो म्हणाला, आणि मग त्याला खिडकीतला फोन दिसला. पोळपाट ट्रकमध्ये गेला होता, म्हणून फोन नुसताच गजांत अडकवला होता. ओट्यावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून यंदाची नवी मुलं मोठमोठ्याने समीकरण मांडत होती. तो ऐकत उभा राहिला.

खाली सुहासने हॉर्न वाजवला. ईरा गाडीतून ओरडली, "मम्मा, चलो ना!" मी मुलांना नवं उदाहरण सांगितलं, सगळ्यांनी ते उतरवून घेतल्याची खात्री केली, खिडकीतला फोन काढून कोटाच्या खिशात टाकला, उघडा लॅपटॉप हातावर धरला आणि निघाले. या जिन्यात रेंज कधीच नव्हती. दुसऱ्या वळणावर आवाज तुटला, मुलांची चित्रं जागच्या जागी थिजली. माझी पावलं घाईला आली होती, ती मी आवरली. पायऱ्या नीट बघत, सावकाश उतरले. तिकडे कुणीतरी पुढची ओळ मांडत असणार.